मी आहे ना बोलायला

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. न्युरेम्बर्गच्या कारखान्यात लेथवर उभं राहून जर्मन शिकलो, आणि त्याचा मला माज होता. बायकोला भाषेच्या वर्गाला जायचं होतं. म्हटलं, "कशाला? मी आहे ना बोलायला."

परवा दुपारी मेथी निवडता निवडता सूनबाई एका इंग्रजी कादंबरीची गोष्ट सांगत होती. विलायतेत राणीचं राज्य होतं तेव्हाची, बाईनंच लिहिलेली. त्या पुस्तकावर तेव्हा लोक फार चिडले होते म्हणे. त्यातला नवरा डॉक्टरला घरी बोलावतो. बायको समोर बसलेली, पण तिचं दुखणं सांगतो नवराच. तिनं तोंड उघडलं की डॉक्टर म्हणतो, बाईसाहेब, शांत व्हा. शेवटी तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकतात.

"नवऱ्याचं काय चुकलं?" मी म्हणालो. "घरचा कर्ता नाही सांगणार तर कोण?"

"गेनाऊ!" मेथीतून मान वर न करता बायको म्हणाली. "अगदी बरोबर! एवढा एकच जर्मन शब्द येतो मला. तुमच्यासमोर तेवढाच लागतो."

सून हसली. बायको नाही हसली. "अहो, जिना उतरताना गुडघ्यात कळ येते, रडू येतं, हे डॉक्टरला सांगा म्हटलं होतं. सांगितलंत?"

नव्हतं सांगितलं. बायको रडते, हे परक्या पुरुषाला कसं सांगायचं? दर वेळी मी म्हणायचो, थोडं दुखतं, वय झालंय. तो मलम लिहून द्यायचा.

मी मेथीची जुडी पुढं ओढली, तेव्हा ती म्हणाली, "मला वाटायचं, डॉक्टरचाच माझ्यावर विश्वास नाही."

गुरुवारी डॉक्टरकडे टेर्मीन होता, म्हणजे ठरलेली वेळ. मी सवयीनं कोट चढवला.

"या तुम्ही, पण बाहेर बसा," बायको म्हणाली. "आत सूनबाई येईल, तिला जर्मन येतं."

"तिला काय कळतं तुझं दुखणं?"

"मी सांगेन तेवढं कळेल."

दवाखान्यात त्या दोघी आत गेल्या, दार लागलं. आमचं काम कधी पाच मिनिटांवर गेलं नव्हतं. आज माझ्यामागून आलेली माणसं शेजारच्या खोलीत तपासून घेऊन निघून गेली, तरी ती आतच. एवढं बोलायचं होतं तिला?

बाहेर आली ती डोळे पुसत. हातात एक्स-रेची चिठ्ठी.

"काय म्हणाला?"

"विचारत होता, इतकी वर्षं हे का नाही सांगितलंत?"

"मग?"

"म्हटलं, आमच्या ह्यांना कमी ऐकू येतं."

माझे कान अजून ठणठणीत आहेत. पण ते तिथं बोलून दाखवायची माझी छाती झाली नाही.