मागावरचा ताणा

मागाखाली धाग्यांचे तुकडे साचतात, तसे आमच्या कारखान्यात किस्से साचत गेले. झाडून टाकायला हात होत नाही!

सोलापुरात तात्यांचा बारा हातमागांचा लुगड्यांचा कारखाना होता आणि मी तिथला कारकून. विणकर सगळे तेलुगू, निजामाच्या मोगलाईतून पोटासाठी आलेले. परक्या गावात त्यांना कुणी दडपायचं नाही, हा तात्यांचा एकुलता एक नियम. त्याने माझं डोकं पार उठायचं.

\*

नरसय्या विणकर बायकोपोरांसह आला, तेव्हा त्याला गावात कुणी खोली देईना. तात्यांनी आपली बैठकीची खोली दिली आणि पाहुण्यांना लिंबाखाली बसवू लागले.

"तात्या, घर विकलं की काय?" एकाने विचारलं.

"छे! हितं हवा चांगली हाय."

भर वैशाख होता.

\*

नरसय्याला ताप आला. डॉक्टर म्हणाले, चार दिवस रेस्ट. हा दुसऱ्या दिवशी मागावर! तात्यांनी सरळ मागाच्या खोलीला कुलूप ठोकलं.

"बाकीचे अकरा जण बाहेर उभे आहेत," मी म्हणालो.

"मग त्यांनाबी रेस्ट!"

\*

अमावस्येला माग बंद. एका अमावस्येला तात्या गुपचूप नरसय्याच्या मागावर बसले आणि वीतभर विणलं. सकाळी नरसय्या ते बघतच राहिला.

"मालक, हे कुणी इनलं?"

"नवा माणूस होता."

"काढून टाका की त्याला."

"बघतो," तात्या म्हणाले.

\*

मग एक दिवस नरसय्याच्या गावच्या जहागिरदाराचा शिपाई आला. नरसय्या वेठबिगारी सोडून पळालाय, त्याला घेऊन ये, असा हुकूम! नरसय्याचा हात थांबला. दारात त्याची बायको रडायला लागली. गेला तर परत यायचा नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"न्या की," तात्या शांतपणे म्हणाले. "पण मागावरचा ताणा संपल्याबिगर आमी इणकराला उठवत न्हाय. रिवाज हाय."

हा रिवाज मीही त्या दिवशीच ऐकला.

शिपाई बसला. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपत आला की त्याच्या टोकांना नव्या ताण्याचे धागे एकेक करून जोडतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार? एक संपत आला, दुसरा जोडला. मग तिसरा. तात्यांनी शिपायाला दोन्ही वेळा जेवू घातलं, अंथरूण दिलं. शेवटी तो बसून बसून कंटाळला आणि विणकरांसाठी सुताच्या कांड्या भरायला लागला.

"आमच्याकडं बसा म्हणणारं कुणी न्हाय," तो एकदा मला म्हणाला.

दिवाळीनंतर तात्यांनी तेरावा माग घातला. त्यावर तो शिपाई बसला.

पुढे जहागिरदाराचा दुसरा शिपाई आला, दोघांनाही न्यायला. आधी तेराव्या मागासमोर उभा राहून ओरडला, "ऊठ!"

आमच्या माणसाने धोटा ताण्यातून पलीकडे फेकला. मान वर न करता म्हणाला,

"बसा की. ताणा मागावर हाय."