शेजारणीचं माहेर

"तुझी जीभ एक दिवस तुला गोत्यात आणणार," असं आई म्हणायची. मला आणलं असतं तर परवडलं असतं हो.

इथे परदेशात, हौगांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये समोरच्याच फ्लॅटमध्ये एक कोरियन बाई राहायची. माझ्याच वयाची. लिफ्टमध्ये ओळख झाली, मग तिची किमची आणि माझं लिंबाचं लोणचं यांची देवघेव सुरू झाली. आता माहेर विचारल्याशिवाय आमच्यात बाईची ओळख पुरी होते का? विचारलं. "सोल," ती म्हणाली. "आणि त्याआधी?" नसत्या चौकशा! पण तिने दार लोटून घेतलं आणि सांगितलं.

माहेर उत्तर कोरियात. एकाच देशाचे दोन तुकडे, मध्ये काटेरी तारा, सुरुंग आणि दोन्हीकडून रोखलेल्या बंदुका.

"मग ती तार ओलांडलीस कशी गं?"

"ती कोणी ओलांडत नाही. मी उलट्या दिशेला पळाले. नदीतून चीनमध्ये, तिथून फिरत फिरत दक्षिणेत सोलला."

तिच्या आईने पोलिसांना सांगितलं, मुलगी नदीत बुडाली. रडूनही दाखवलं. पळालेल्यांच्या घरच्यांना तिकडे छावणीत टाकतात. "त्यांच्या कागदांवर मी मेलेली आहे, म्हणून आई घरात आहे," ती म्हणाली. वर्षातून दोनदा, कोणाकोणाकरवी, 'आई ठीक' एवढाच निरोप यायचा. कुणाला सांगणार नाही, अशी मी गळ्याची शपथ घेतली.

संक्रांतीला हळदीकुंकू केलं. तिला माझी हिरवी पैठणी नेसवली, हातावर तिळगूळ ठेवला. काय गोड दिसत होती! मी फोटो काढून बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आमची शेजारीण, माहेर थेट उत्तर कोरिया!' शपथ? अहो, मराठीत लिहिलं होतं. सगळ्या आपल्याच बायका. आपलं मराठी इथे कोण वाचतंय, असंच मला वाटलं. मिरवायची हौस, दुसरं काय.

दोन दिवसांनी मुलीने फोन माझ्यापुढे धरला. ग्रुपमधल्या कुणीतरी तो फोटो फेसबुकवर टाकला होता, ओळीचं इंग्रजी करून. "मम्मी, एव्हरीवन शेअरिंग ऑलरेडी, लाह," ती इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाली. विनवण्या करून तो काढायला लावला, पण तोवर कुठे कुठे गेला होता देव जाणे.

तिला मी स्वतः जाऊन सांगितलं. ती ओरडली नाही. "चेहरा स्पष्ट आहे?" एवढंच विचारलं. मी मानेनेच हो म्हटलं.

जूनमध्ये निरोप आला नाही. डिसेंबरमध्येही नाही. रोज ती लिफ्टमध्ये भेटायची आणि मी तिच्याकडे बघत नसे.

जानेवारीत तिने फ्लॅट सोडला. बॅगा दाराशी ठेवून माझ्याकडे आली. कोणत्या तोंडाने माफी मागू? मी नुसती रडत होते.

"तो फोटो आहे अजून?" तिने विचारलं.

"कशाला गं?"

"आईला चौकशीला नेलं असेल, तर तिच्यासमोर तो ठेवला असेलच ना."

मी फोन तिच्या हातात दिला. तिने बोटांनी स्वतःचा चेहरा मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

"पळाले तेव्हा नुसती हाडं होती अंगावर," ती म्हणाली. "इथे गाल भरलेत. तेवढं तरी तिने पाहिलं असेल."