ज्या दिवशी खिळा ठोकत नाहीत

ख्रिस्तानं आपल्यासाठी दुःख सोसलं, हे मी लहानपणापासून तोंडपाठ म्हणत आले. पण त्यानं सोसून आपलं काय हलकं झालं? त्या वर्षी हे मला कुणी समजवायला आलं असतं, तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. माझी एकुलती एक फिलू घटसर्पानं गेली, तीही उत्तम शुक्रवारी, म्हणजे प्रभूला क्रुसावर खिळलं त्या दिवशी, सकाळी. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झालेली, आमच्या गास गावात डॉक्टर कुठला! वसईला न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत पोरीचा श्वास कोंडला.

उन्हाळा असा, की त्याच दिवशी मूठमाती देणं भाग होतं. पेटीशिवाय पुरणं म्हणजे बेवारशासारखं पुरणं, असं आमच्यात मानायचे. गावचे सुतार पास्कूमामा, माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. ते फळ्या घेऊन आले, अंगणात बसले आणि ढसाढसा रडले. पण हातोडी उचलेनात. आमच्याकडे त्या दिवशी कुणी खिळा ठोकत नाही. ठोकला तर तो प्रभूच्याच तळहातात जातो म्हणतात.

"उद्या पहाटे करून देतो गं पोरी. आज हात उचलत नाही."

"उद्यापर्यंत राहील का ती या उन्हात?" मी ओरडले. मग नवऱ्यानं हातोडी घेतली. त्याच्याही हातून होईना, तो फळ्यांवरच बसून राहिला. मी भिंतीवरच्या क्रुसाकडे बघून म्हटलं, "एवढे खिळे खाल्लेस, ते कुणाच्या कामी आले रे?" कुणी मला गप्प केलं नाही.

दुपारी लोक प्रार्थनेला देवळाकडे, म्हणजे आमच्या चर्चकडे, निघाले. त्यांतली एक म्हातारी, लाल लुगडं नेसलेली, दाराशी थांबली. "पानी देशील का, बाय?" आत फिलूला बघितलं आणि पाण्याचं विसरून ती माझ्याजवळ बसली. मी पेटीचं सगळं तिला सांगितलं.

"त्याला तरी कुठं पेटी मिळाली, बाय?" भिंतीवरच्या क्रुसाकडे बघत ती म्हणाली. "सण लागायच्या आत उरका म्हणून कापडात गुंडाळला नि दुसऱ्याच्या थडग्यात ठेवला. आयशीनं बघितलंच ना त्याच्या."

डोक्यावरचा पांढरा शेला तिनं काढला. आम्ही दोघींनी फिलूला आंघोळ घातली, तिचे केस विंचरले आणि तिला त्या शेल्यात गुंडाळलं. रडं आवरून मी मान वर केली, तर म्हातारी निघून गेली होती. पुढं गासमध्ये विचारलं, सोपाऱ्यात विचारलं, कुणालाच ती ठाऊक नव्हती. असेल कुठल्या लांबच्या गावची. तिला कुणी पाठवलं यावर मी वाद घालत नाही, तिचे उपकार मात्र मरेपर्यंत विसरणार नाही.

दुःख कमी झालं असं म्हटलं तर खोटं होईल, आजही ते तेवढंच आहे. पण आपल्याला सोसावं लागू नये म्हणून त्यानं सोसलं, असं मी आता म्हणत नाही. आपण जिथं जातो तिथं तो आधी जाऊन आला, एवढंच मला कळलं.

फिलूला मी कडेवर घेऊनच नेलं. त्या दिवशी घंटा वाजत नाहीत, त्यामुळे सगळं मुकाट चाललेलं. फादरांनी प्रार्थना म्हटली. पास्कूमामा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी हात वर केले. माझी मिठी काही सुटेना. नवरा बोलला, मामा बोलले, तरी सुटेना. शेवटी मी त्या क्रुसावरच्यालाच म्हटलं, "घे रे बाबा. तिथली वाट तुला ठाऊक आहे, तिला अंधाराची भीती वाटते." आणि मी तिला सोडलं.