वरच्या मजल्यावरच्या बाईंचं अत्तर

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक बाई राहतात. संध्याकाळी त्या लिफ्टमध्ये शिरल्या की त्यांच्याआधी त्यांचं अत्तर आत येतं. मुलानं दुबईहून पाठवलेलं, ऊदाच्या धुराचं आणि चामड्याचं, चांगलंच उग्र. बाई सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. इस्त्रीची साडी नेसून कधी गाण्याला जातात, कधी नुसत्या कोपऱ्यापर्यंत. अत्तर मात्र रोज.

परवा लिफ्टमधल्या एका गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला. "कुठे आग लागलीय का हो?"

"लागली असेल तर मलाही सांगा," बाई शांतपणे म्हणाल्या. "मागच्या आजारपणापासून मला कसलाच वास येत नाही."

गृहस्थ पुढच्याच मजल्यावर उतरून गेले. मला राहवलं नाही. "मग रोज कशासाठी लावता?"

"आवडतं म्हणून. तुम्ही सांगा, वास कसा आहे आज?"

"छान आहे."

"छान तर चहाही असतो. नीट सांगा."

तो वर्गातला आवाज होता. मी शब्द शोधत शोधत म्हणालो, "विझत आलेली शेकोटी आहे. आणि तिच्याशेजारी कुणीतरी नवी कोरी कोल्हापुरी काढून ठेवलीय."

बाईंनी डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. बराच वेळ तो सोडलाच नाही.

"आला," त्या म्हणाल्या.

तळमजला आला. पदर सावरून त्या ताठ मानेनं बाहेर पडल्या. मलाही तिथेच उतरायचं होतं, पण त्या फाटकाबाहेर जाईपर्यंत मी लिफ्टचं दार धरून तसाच उभा राहिलो.