वादळाच्या दिवसातल्या तीन ओळी

बाबा गेल्यावर घर आवरायची यादी केली. कपडे, औषधं, भांडी, कागदपत्रं. वाऱ्याची वही सगळ्यात खाली लिहिली, कारण तिला हात लावायची माझी इच्छा नव्हती.

बाबा मरोळच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या मुलुंडच्या इमारतीच्या गच्चीवर वारा मोजायची फिरकी बसवली. तिच्याखाली स्कूटरच्या किलोमीटरसारखा आकडा पुढे सरकायचा. दर तासाला वर जाऊन तो उतरवायचा, मागचा आकडा वजा करायचा, की त्या तासाचा वेग मिळायचा. वही मीच आखून दिली होती: वेळ, आकडा, वेग. दुपारी बाबांचा डोळा लागला की ओळी सुटायच्या आणि मी चिडायचे. रकाना रिकामा ठेवायचा नाही, असं बजावलं होतं. तुझ्यापेक्षा आमचा फोरमन बरा, असं ते हसत म्हणायचे.

वादळ आलं तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती आणि मी अंधेरीला ऑफिसात. झाडं पडून रस्ते बंद. आई-बाबांकडे पोहोचायला सात वाजले. आई पावणेचारलाच गेली होती.

टेबलावर वही उघडी होती. दोन, तीन, चार. तिन्ही ओळींत वेग लिहिलेला, त्या दिवसातला सगळ्यात जास्त. त्यांचं घर पहिल्या मजल्यावर, गच्ची पाचव्याच्या वर, वीज नसल्याने लिफ्ट बंद. गुडघे धरत जिने चढणारा माणूस तीनदा जाऊन आला म्हणजे आई किती वेळ एकटी होती, याचा हिशोब मी तिथेच उभ्याने केला.

"आई तडफडत होती आणि तुम्ही वारा मोजत होता?" शेजाऱ्यांसमोर विचारलं.

बाबा म्हणाले, "रकानो रिकामो ठेवू नको, असा तूच सांगितलंस मा?" गावची बोली ते फक्त आईशी बोलायचे. मला तो उद्धटपणा वाटला.

त्यानंतर मी दर रविवारी बाबांकडे जायचे. गोळ्यांची डबी भरायची, भाजी ठेवायची, बिलं बघायची आणि निघायचं. बसायचे नाही. हे चार वर्षं चाललं.

वहीचं काय करावं ते सुचेना, तेव्हा त्या वादळाच्या घरगुती नोंदी जमवणाऱ्या एका विद्यार्थिनीला कळवलं. तिने प्रश्नावली पाठवली. यंत्र किती उंचीवर? आसपास टाकी, भिंत आहे का? प्रत्येक नोंद यंत्र बघूनच घेतली का?

शेवटच्या प्रश्नासाठी मी ओळीओळीवरून बोट फिरवलं. दोन, तीन, चार. मधला रकाना कोरा होता. आकड्याशिवाय वेग निघतच नाही. बाबा वर गेलेच नव्हते. आईजवळ बसून, खिडकीतून समोरचा माड किती वाकतोय ते बघत त्यांनी अंदाज धरला असणार, आणि मी येईपर्यंत लिहून ठेवला. यंत्राचा आकडा मात्र मनचा घातला नाही. त्या संध्याकाळी मी फक्त शेवटचा रकाना वाचला होता. मी, जी वाण्याची यादीसुद्धा दोनदा तपासते.

प्रश्नावलीत लिहिलं: तीन नोंदी अंदाजे. नोंद घेणारे पत्नीजवळ होते.

त्या विद्यार्थिनीचा फोन आला. त्या ओळी वगळाव्या लागतील, असं तिने संकोचत सांगितलं. वगळ म्हटलं.

"काकू, तेव्हा कोणी त्यांना या ओळींबद्दल विचारलं नव्हतं का?"

"मी विचारलं होतं," म्हटलं. "ते बोललेही. मी ऐकलं नाही."