सुनेच्या तोंडावरचा पंजा

मालवणहून आचऱ्याकडे जाताना आमच्या वाडीच्या डोक्यावर एक उघडाबोडका डोंगर लागतो. त्याच्या कड्यावर दोन काळे सुळके उभे आहेत. उंच ती सासू, आणि तिच्या दक्षिणेला जरा खुजी ती सून. दोघींची तोंडं समुद्राकडे आणि पाठी आमच्याकडे. वाडीतल्या बायका म्हणायच्या, अशा सासवा-सुना देव सगळ्यांना देवो, तोंड बघायला नको आणि भांडण ऐकायलाही नको.

होडीवाल्यांचा मात्र जीव त्या सासूवर टांगलेला. आमच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडपं, म्हणजे टोकदार खडक आहेत, वरून काही दिसत नाही. म्हणून सासूच्या तोंडाला चुना फासायचा. समुद्रातून बघताना ते पांढरं तोंड किनाऱ्यावरच्या देवळाच्या कळसावर बरोबर आलं की होडी सरळ आत घ्यायची. सून काळीच ठेवायची, तिला चुना नाही. पावसाळ्यात चुना धुऊन जाई, तेव्हा दर नारळी पौर्णिमेला देवळात नारळ घेऊन मानकरी वर जायचा, नवा चुना लावायचा आणि शेवटी लाल कावेत हात बुडवून त्यावर आपला पंजा उठवायचा. हा मान एकाच घराचा. दुसऱ्या कुणी त्या कड्यावर पाऊल टाकायचं नाही.

पन्नास सालाच्या सुमारास हा मान सहदेवदाजीकडे आला. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट तरणेपणी होडीच्या नांगराच्या दोरात सापडून गेलं होतं, त्यामुळे त्याचा पंजा लाखात ओळखू येई. माणूस कामाला वाघ, पण तोंड असं की समोरच्याचं पाणी पाणी व्हावं. कुणाचं जाळं नीट विणलेलं नाही, कुणाला वल्हं मारता येत नाही, हे तो चारचौघांत सांगायचा, आणि आम्ही खाली मान घालून ऐकायचो. कारण वर्षातून एकदा तो सासूला हात लावत होता.

पुढे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हे घरात त्याची बायको तुळसा सोडली तर कुणालाच ठाऊक नव्हतं. ताटातला मासा ती आधी काटे काढून वाढायची. साठ साल उलटल्यावरच्या एका नारळी पौर्णिमेला तिनं दारातच त्याला अडवलं.

"औंदा वर जाव नकात. तुमका धड दिसणा नाय. गुरुदासाक धाडा."

गुरुदास म्हणजे त्याचा सख्खा पुतण्या, त्याच्याच हाताखाली शिकून तांडेल झालेला, वाडीतली मोठी होडी तोच चालवायचा.

"गावभर सांग, मी आंधळो झालंय म्हणान!" दाजी कडाडला आणि चुन्याची बादली उचलून निघाला.

वर जाताना पायवाटेवर एक वाकडं कुड्याचं झाड लागायचं, तिथून डावीकडे वळलं की सासू. त्या पावसात ते झाड उन्मळून पडलं होतं. दाजी पुढच्या झाडाला हात लागेपर्यंत चाचपडत गेला आणि तिथून वळला. हाताला खडक लागला. त्याला तेवढं पुरे होतं. चुना लावला, पंजा उठवला आणि ताठ मानेनं खाली येऊन तुळसाला म्हणाला, "बघलंस?"

हंगामाची पहिली होडी गुरुदासनं बाहेर काढली. परतताना संध्याकाळ झाली होती आणि पावसाची सर आडवी आली होती. डोंगर पुसून गेला होता, दिसत होते ते फक्त देवळाचा कळस आणि वर एक पांढरा ठिपका. गुरुदासनं तो कळसावर आणला आणि होडी आत घेतली. होडी थेट खडपावर चढली आणि मधोमध फुटली. माणसं पोहत किनाऱ्याला लागली. होडीवरच्या बाबलीचा पाय मात्र फळी आणि खडपाच्या मध्ये चिरडला. मालवणातल्या डॉक्टरांनी पाय वाचवला, पण तो पुन्हा सरळ झाला नाही.

देवळात माणसं जमली तेव्हा सगळ्यांच्या आधी दाजीचंच तोंड सुटलं.

"तांडेल म्हणवतंस आणि रेषा धरूक येणा नाय तुका? घरात बस आणि बांगडे भाज!"

गुरुदास खाली बघत होता. "चुकलंय, दाजी," एवढंच तो म्हणाला. त्याची तांडेलकी गेली. वाडीत तोंड दाखवायला नको म्हणून तो देवगडला दुसऱ्याच्या होडीवर साधा खलाशी म्हणून राहिला. दाजीनं त्याच्या नावानं बोटं मोडणं काही थांबवलं नाही.

थंडीच्या दिवसांत मालवणात डोळ्यांचं शिबिर भरलं. तुळसानं रडून-भांडून नवऱ्याला तिथे नेलं. ऑपरेशन झालं, पुढे जाड भिंगांचा चष्मा मिळाला. दाजीनं चष्मा लावून पहिल्यांदा बायकोला बघितलं आणि म्हणाला, "म्हातारी झालंस गो!" तुळसा इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला. घराची कौलं, परसातली माडाची झावळी, सगळं तो लहान मुलासारखा बघत सुटला. मग त्याला आपला चुना बघायची हौस आली.

तो एकटाच वर गेला. सासू पांढरी होती, पण तिच्यावर पंजा नव्हता. तो पुन्हा पुन्हा बघत राहिला. मग त्याची नजर शेजारी गेली. सुनेच्या तोंडाला कुणीतरी चिखल थापला होता. उन्हानं तो तडकून जागोजाग गळला होता, आणि खालून पांढरा चुना दिसत होता. त्या चुन्यावर लाल पंजा होता. मधलं बोट नसलेला.

दाजीनं त्या पंज्यावर आपला हात ठेवून बघितला. सासूला नंतर चुना कुणी लावला आणि सुनेवर चिखल कुणी थापला, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. होडी फुटल्यानंतर दुसऱ्या होड्या बाहेर पडण्याआधी, मानकरी नसताना वर चढण्याचं कारण एकाच माणसाला होतं. आणि त्याच माणसाला आपण देवळात उभं करून बांगडे भाजायला सांगितलं. तो घरी आला आणि जेवायला बसेना. तुळसानं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. तिनं उठून त्याचं ताट झाकून ठेवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तो पुढे म्हणायचा.

तो एस.टी.नं देवगडला गेला. बंदरात गुरुदास दुसऱ्याचं जाळं खांद्यावरून वाहत होता.

"सांगलंस कित्याक नाय रे?" दाजीनं विचारलं.

"काय सांगू? लोकांनी तुमका आंधळो म्हटला असता. ता माका ऐकूचा नव्हता," गुरुदास म्हणाला. "झाला ता झाला. तुमीय आता गप रवा."

गप्प राहणं सोपं होतं. सुनेवरचा चुना पुढच्या पावसात आपोआप गेला असता. दाजी नारळी पौर्णिमेपर्यंत गप्प राहिलासुद्धा, त्याची जीभ उचलेना. पण सण तोंडावर आला तसा तो पुन्हा देवगडला जाऊन पुतण्याला हाताला धरून घेऊन आला. देवळात पुजाऱ्यानं मानाचा नारळ हातात दिला, तेव्हा दाजी वर जायला वळला नाही. त्यानं डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात टाकला.

"गेल्या वर्षी सुनेक चुनो मी लायलंय," तो म्हणाला. "माका दिसणा नव्हता, ता माका ठावक होता. होडी मी फोडलंय. गुरुदासान नाय."

दाजी नारळ छातीशी धरून उभा होता. समोरची माणसं त्याला पुसटच दिसत होती, आणि त्याला तेच हवं होतं. तुळसा बायकांमधून उठून पुढे आली. एरवी सभेत तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. तिनं नवऱ्याच्या खिशातून चष्मा काढला, पदरानं पुसला आणि त्याच्या कानांवर चढवला.

"डोळे दिल्यानी देवान," ती म्हणाली. "आता बघा."

मागच्या खांबापाशी बसलेला बाबली काठी टेकून उठला. तो दाजीकडे यायला निघाला. देऊळ काही मोठं नव्हतं, पण त्याला वेळ लागला. दाजीनं नजर खाली घातली नाही. बाबलीनं त्याच्या हातातला नारळ काढून घेतला आणि तसाच लंगडत जाऊन गुरुदासच्या हातात ठेवला.