विभुते सरांनी काढलेली ओळ

विभुते सर माझ्याशी कधी थेट बोलले नाहीत. मी समोर उभा असलो तरी शिपाई गफूरचाचांना म्हणायचे, "चाचा, सांगा त्या शहाण्याला, लॅब उघडी टाकून जाऊ नको म्हणावं." दोन वर्षं हेच. दर सोमवारी कपिलधारला दर्शनाला जाऊन कपाळभर विभूती लावून यायचे, पण जिभेचा कडूपणा काही जात नव्हता. मला तो माणूस डोळ्यांसमोर नको व्हायचा.

बीडच्या आमच्या कॉलेजात ते विभागप्रमुख, मी हंगामी शिक्षक. लोडशेडिंगनं जीव खाल्ला होता. म्हणून प्रोग्राम लिहायचं ठरलं: लॅबमधल्या कॉम्प्युटरवर चाललेलं आभासी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर, न थांबवता, इन्व्हर्टरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर हलवायचं. अर्धा कोड त्यांचा, अर्धा माझा. कॉलेजच्या कमिटीपुढे चाललं तर माझी नोकरी कायम, नाहीतर नारळ.

तालमीतच प्रोग्राम कोसळला. "बघा चाचा, लई हुशार समजतो सोताला!" सर सगळ्यांदेखत गरजले. मी इरेला पेटून चूक शोधली. हलवताना घेतलेली मेमरी शेवटी एकदाच सोडायची, म्हणजे मोकळी करायची असते; दोनदा सोडली की प्रोग्राम कोसळतो. ती त्यांनीही सोडली होती आणि मीही. दोन्ही ओळी छापून मी त्यांच्या टेबलावर आपटल्या.

"त्यानं कावून सोडली, इचारा."

"सरांचा भरवसा नव्हता, सांगा."

"मला तरी त्याचा कुठं हाय?"

गफूरचाचांनी कपाळाला हात लावला. "अरे बाबांनो, एकानं काढा, एकानं ठेवा, खतम!"

कुणी काढायची, ते मात्र ठरलंच नाही. विचारणार कोण?

कमिटीपुढे मशीन पहिल्यांदा झकास हललं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मेमरी भरून कॉम्प्युटर जागीच थिजला. मी कोड उघडला. मेमरी सोडणारी ओळ कुठेच नव्हती. माझी मी सकाळी गुपचूप काढली होती, आणि सरांचीही गायब!

"कुणाची चूक ही?" कमिटीतले साहेब माझ्याकडे बघत म्हणाले.

"माझी," विभुते सर म्हणाले. "ओळ मी काढली. त्याला इचारलं न्हाई."

मी तरी कुठं विचारलं होतं? पण माझं तोंड उघडलं नाही.

सरांनी ओळ परत घातली, मशीन चाललं. मी कायम झालो, त्यांच्या नावावर शेरा गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "चाचा, सांगा त्या शहाण्याला..."

ते रिटायर झाले तेव्हा निरोप समारंभाला मी गेलो नाही. लोकांना वाटतं, अजून डूक धरून बसलाय. मीही तसंच सांगतो.